चार-तीन ते चार-अकरा

४.१० हे ४.३ पेक्षा लहान असतं, असं मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टरबाईंना लेखी कळवलं.

गणितात हे बरोबर आहे. शाळेत असतो तर पूर्ण मार्क मिळाले असते. पण सॉफ्टवेअरच्या व्हर्जनमधलं टिंब दशांशाचं नसतं, आणि हे मला सॉफ्टवेअर कंपनीत इतकी वर्षं पगार घेऊनही ऐन वेळी आठवलं नाही.

"अरे, चौथी बिल्डिंग, दहावा मजला," मॅडम मला नंतर म्हणाल्या. "दहावा मजला तिसऱ्याच्या खाली असतो काय रे? कुठल्या बिल्डरने बांधलाय, सांग, मी तिथे फ्लॅट घेणार नाय."

मॅडम आता ऑफिसात नाहीत, म्हणून हे लिहायची हिंमत करतोय. नाव लिहीत नाही. "माझं नाव कुठे टाकलंस तर तुझे सगळे ईमेल छापून आणीन," अशी धमकी त्यांनी जाताना दिली होती, आणि माझे ईमेल छापण्यासारखे नाहीत हे तुम्हाला पहिल्या ओळीतच कळलं असेल.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. खालच्या गाळ्यात रबराचे वायसर बनतात, वर आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रक्ताच्या बाटलीला नंबर देणं, मशीनचे आकडे उचलणं, रिपोर्ट छापणं, असं. आमची गिऱ्हाइकं पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेली, आणि प्रत्येकाकडे वेगळं व्हर्जन. कारण लॅबवाला नवं व्हर्जन घ्यायला तयारच नसतो. नवं बसवायचं म्हणजे रक्त तपासायचं मशीन रुसतं, अर्धा दिवस लॅब बंद, आणि बाहेर उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत तापलेली. त्यामुळे "चालतंय ना? मग हात लावू नका" हे सगळ्यांचं धोरण.

मग एखाद्या दिवशी कळतं की आपल्या सॉफ्टवेअरला भोक आहे. भोक म्हणजे अशी चूक, जिच्यातून नको तो माणूस आत डोकावू शकतो. भोक बुजवणं तसं सोपं. अवघड असतं ते शोधणं, की भोक कुठल्या व्हर्जनमध्ये आलं, कुठल्यापर्यंत राहिलं, आणि म्हणजे कुणाकुणाच्या लॅबमध्ये ते आत्ता उघडं आहे. हे काम मॅडमचं.

मॅडम मरोळच्या गावठाणातल्या. तिथल्या जुन्या ख्रिश्चन घरातल्या. गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, पायात पांढरे स्पोर्ट शूज, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. कुणीही काहीही वाईट बातमी घेऊन आलं की त्या चष्मा डोळ्यांवरून छातीवर सोडायच्या, टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करायच्या आणि विचारायच्या, "कुठून कुठपर्यंत?"

हा प्रश्न फक्त सॉफ्टवेअरपुरता असता तर आम्ही सुखात राहिलो असतो.

"मॅडम, आज चहा बेकार आहे ना?"

"कुठून कुठपर्यंत? सोमवारी बरा होता?"

"होता."

"बुधवारी?"

"लक्षात नाही, मॅडम. चहा आहे तो."

"लक्षात नाय तर तक्रार करू नको."

मग त्या स्वतः खाली टपरीवर जाऊन चौकशी करून यायच्या, की दूधवाला मंगळवारी बदलला. मंगळवारनंतरचा चहा प्यायलेल्या प्रत्येकाला त्या ते जाऊन सांगायच्या. आम्ही तो चहा तोवर पचवलेला असायचा.

त्यांची शोधायची पद्धत एकच. "मधलं काढ." समजा वीस व्हर्जन आहेत आणि कुठल्या तरी एकापासून बिघाड सुरू झालाय. आपण काय करू? पहिल्यापासून एकेक बघत बसू. मॅडम सरळ मधलं उघडायच्या. त्यात बिघाड असेल तर सुरुवात त्याच्या अलीकडे, नसेल तर पलीकडे. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा मधलं. चार-पाच टकटकींत चोर हातात.

घरीही तेच. त्यांच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा बाटली मसाला करतात. मिरच्या, धणे, तीळ आणि आणखी काय काय भाजून, कुटून, रंगीत काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचा. एका वर्षी मसाला कडवट लागला. कुठल्या तरी घाण्यापासून पुढचा सगळा करपत गेला होता. भावजय म्हणाली, सगळ्या बाटल्या फोडून चाखून बघू. मॅडमनी बाटल्या भरल्या त्या क्रमाने ओसरीवर ओळीने मांडल्या आणि मधली उघडली. चव घेतली. मग उरलेल्यांतली मधली. थोड्याच वेळात खडूने फरशीवर रेघ मारली, "इथपासून फेक." भावजयीने नंतर चोरून रेघेच्या अलीकडची एक बाटली उघडून पाहिली म्हणे. ती चांगली निघाली, आणि भावजय त्या दिवसापासून जास्तच रागावली.

माझ्या घरातही त्यांनी एकदा ही पद्धत चालवली. बायको बोलत नव्हती.

"कुठून?" मॅडम.

"काय कुठून?"

"कधीपासून बोलत नाय?"

"रविवारी लक्षात आलं."

"शुक्रवारी बोलत होती?"

"हो. भांडत होती, म्हणजे बोलतच होती."

"मग मधलं काढ. शनिवारी दुपारी?"

मी आठवलं. शनिवारी दुपारी ताट वाढताना ती एकदाही बोलली नव्हती. शनिवारी सकाळी मात्र तिने विचारलं होतं, आज भरली वांगी नव्या पद्धतीने केलीयत, कशी होतील असं वाटतं? आणि मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो होतो, "नेहमीसारखीच."

मॅडमनी चष्मा चढवला. "सापडलं. घरी जा आणि ते व्हर्जन मागे घे."

घेतलं. चाललं. पण पद्धत नेहमीच चालते असं समजू नका. एकदा त्यांचा दात दुखत होता आणि कुठला ते कळत नव्हतं. दंतवैद्याला त्यांनी बजावलं, कडेपासून ठोकत येऊ नका, मधल्यापासून सुरू करा. दंतवैद्य म्हणाला, बाई, दात दुखायला लागला की शेजारचे सगळेच दुखतात. त्यांनी ऐकलं नाही. अर्धा जबडा ठोकून घेतला. निघाली शेवटची अक्कलदाढ. आठवडाभर मॅडम खिमट खात होत्या आणि ऑफिसात कमालीची शांतता होती.

आता मुलुंडची गोष्ट. तिची सुरुवात पार्ल्याच्या एका निवृत्त गृहस्थांच्या फोनने झाली.

आमच्या सॉफ्टवेअरमधून रुग्णाला मोबाईलवर एक लिंक जाते. ती दाबली की रिपोर्ट उघडतो. लिंकच्या शेवटी एक नंबर असतो. या गृहस्थांनी मेसेज बघून लिंक संगणकावर स्वतःच्या हाताने टाइप केली आणि शेवटचा आकडा चुकवला.

"माझी साखर बघायला गेलो," ते म्हणाले, "तर इथे कुणा बाईंचं थायरॉईड दिसतंय. फार वाढलंय हो. त्यांना कुणीतरी सांगा, गोळी बदलून घ्या म्हणावं."

नंबर बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट. म्हणजे शेजारच्या माणसाला कुठला आजार आहे ते बोटाच्या एका टिचकीवर.

"कुठून कुठपर्यंत?" मॅडम म्हणाल्या, आणि टेबलाखालचा म्हातारा चालू केला. म्हातारा म्हणजे त्यांचा जुना संगणक. त्यात आमचं प्रत्येक व्हर्जन त्यांनी जपून ठेवलं होतं. साहेबांना तो कधीचा भंगारात काढायचा होता, पण मॅडमनी त्याच्यावर मदर मेरीचं चित्र चिकटवलं होतं, त्यामुळे हात लावायची कुणाची छाती नव्हती.

चार-सहा उघडलं. भोक आहे. चार-दोन. नाही. चार-चार. आहे. चार-तीन. आहे.

"चार-तीनला काय बदललं?" मॅडमनी आमच्याकडे वळून विचारलं.

चार-तीनच्या आधी रिपोर्ट बघायला पासवर्ड लागायचा. म्हाताऱ्या रुग्णांना तो आठवायचा नाही आणि ते मला फोन करायचे. दिवसभर. तेव्हा 'पासवर्ड काढून टाकावा, लिंक दाबली की थेट उघडावे' अशी सूचना कुणीतरी केली होती. त्या कुणीतरीला साहेबांनी त्याबद्दल पेढेही दिले होते.

मी चहाच्या कपात फार खोलवर बघत होतो.

"बरं," मॅडम म्हणाल्या. एवढंच. त्यांचं 'बरं' शिवीपेक्षा लांब पोचायचं.

चार-बारामध्ये आमच्या पोरांनी भोक बुजवलं. साहेब केबिनमधून म्हणाले, "सगळ्यांनाच पाठवून द्या ना, अपडेट करा म्हणून. कशाला एवढी शोधाशोध?"

"सगळ्यांना पाठवलं की कोण वाचत नाय," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्या घरात साप आहे त्याला सांगा, तुझ्या मोरीत साप आहे. अख्ख्या अंधेरीत साप-साप ओरडून काय फायदा? चार-तीन ते चार-अकरा. दोन्ही धरून. त्यांना पत्र."

पत्रं लिहायची माझ्याकडे. दोन प्रकारची. चार-तीन ते चार-अकरावाल्यांना, धोका आहे, ताबडतोब बदला. बाकीच्यांना, आपण निश्चिंत राहावे. सगळ्या लॅबची व्हर्जन मी एक्सेलमध्ये भरली, लहान-मोठी लावली आणि पत्रं सोडली. मुलुंडच्या डॉक्टरबाई शंकेखोर. त्यांनी उलट विचारलं, नक्की ना? त्यांनी पडताळायला आपल्या भावाच्या रिपोर्टची लिंकसुद्धा पाठवली. मी ती उघडून पाहिली आणि पत्र पुन्हा पाठवताना खाली ठसक्यात एक ओळ वाढवली, 'मी स्वतः तपासून पाहिले आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम डबा उघडता उघडता म्हणाल्या, "मुलुंडवाली काय बोलली? तिच्या मशीनला चार-बारा झेपणार नाय."

"तिला कशाला चार-बारा? ती चार-एकवर आहे. तिला धोकाच नाही."

चष्मा छातीवर आला.

"चार-एक? मुलुंडला मी स्वतः गेलेली बसवायला. चार-दहा बसवलं."

मी एक्सेल उघडलं. मुलुंडसमोर ४.१ होतं. चार-नऊच्या पुढे गेलेली तीच एक लॅब होती.

"शून्य कुठंय?"

मी त्या चौकटीत पुन्हा ४.१० टाइप केलं. एंटर मारलं. त्याचं डोळ्यांदेखत ४.१ झालं.

"शून्य एक्सेलने खाल्लं, मॅडम."

"एक्सेलने खाल्लं, आणि तू काय करत होतास? वाढत होतास?"

मी हळूच सुचवलं की गपचूप मुलुंडची लिंक बंद करून टाकू, डॉक्टरबाईंना कळणारही नाही. मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. आत घरचे फुगे होते, मैद्याचे तळलेले, ज्यांच्यासाठी आम्ही एरवी त्यांच्या टेबलाभोवती घुटमळायचो. त्या दिवशी एकही कुणाला मिळाला नाही.

"गपचूप? तुझं पत्र वाचून ती बाई दार सताड उघडं ठेवून बसलीय. चल."

"फोन करतो ना."

"फोन नाय. तोंड घेऊन चल."

रिक्षात मी माफीची वाक्यं पुटपुटत होतो. 'आमच्याकडून अनवधानाने घडलेल्या त्रुटीबद्दल आम्ही खेद व्यक्त करतो.' पवईपर्यंत रिक्षावाल्याने सहन केलं. मग आरशातून म्हणाला, "साहेब, खेद-बिद नको बोलू. सीधा सॉरी बोल, मान खाली घाल. माझा लायसनचा लफडा तसाच मिटला." मॅडम पहिल्यांदा हसल्या, पण बाहेर तोंड करून.

लॅबमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो. काउंटरच्या वर, काचेखाली, माझं पत्र लावलेलं. 'आपण निश्चिंत राहावे' या ओळीखाली लाल रेघ.

"या, या!" डॉक्टरबाई उठून आल्या. "पेशंट विचारत होते ना, पार्ल्याला असं असं झालं म्हणे, म्हणून तुमचं पत्रच लावलं. कॉफी घ्याल ना?"

कॉफी आली. ती संपेपर्यंत सांगायचं टाळता आलं असतं, पण मॅडमनी टेबलाखालून स्पोर्ट शूजने माझ्या नडगीवर टकटक केली. मी सीधा सॉरी बोललो. मान खाली घातली.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काउंटरच्या बाहेर बसलेल्या माणसांकडे बघत राहिल्या.

"समोर लॅब आहे ना, ती माझ्यापेक्षा स्वस्त आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तरी लोक माझ्याकडे येतात. का माहितेय? इथलं इथेच राहतं म्हणून. एकाच बिल्डिंगमधले सासू-सून वेगवेगळ्या वेळी येऊन जातात, मी कधी तोंडातून काढत नाही. आता कुणाचं काही बाहेर गेलं असेल तर मी घराघरांत फोन करून सांगेन. सांगावंच लागेल. पण मग उद्यापासून या बाकावर कोण बसेल?"

मॅडमनी आधी मोबाईलवरच्या जुन्या-नव्या सगळ्या लिंक बंद केल्या. ज्याला हवा त्याने काउंटरवर येऊन कागद न्यावा. मग चष्मा चढवून त्या लॅबच्या संगणकासमोर बसल्या.

"घाबरू नका. कुठून कुठपर्यंत ते आधी बघू."

चार-दहा बसवलं त्या दिवसापासून आजपर्यंत कुठली लिंक कुणी उघडली त्याची नोंद संगणकात होती. ज्याची लिंक त्यानेच उघडली असेल तर ठीक. एकाच माणसाने लागोपाठ दोघांचे रिपोर्ट उघडले असतील तर तो चोर. मॅडम नोंदी खाली खाली सरकवत होत्या. डॉक्टरबाई मागे हाताची घडी घालून उभ्या. मी कुठे उभा राहू ते न कळून वजनकाट्यावर उभा.

बराच वेळ काही सापडलं नाही. डॉक्टरबाईंच्या हाताची घडी सैल होत आली. तेवढ्यात मॅडमचं बोट थांबलं.

"हा एक आहे. आधी एकाचा उघडला, मग शेवटचा आकडा बदलून दुसऱ्याचा."

"कोण?" डॉक्टरबाई पुढे वाकल्या.

"नाव कळत नाय. कुठून आला ते कळतं. अंधेरी पूर्व." मॅडमनी पुढे वाचलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. "हा पत्ता तर... आपल्याच ऑफिसचा आहे." त्या सावकाश खुर्चीसकट माझ्याकडे वळल्या. "पत्रात शेवटची ओळ काय आहे रे? वाच."

काचेखालच्या पत्रावरून मी वाचलं, "मी स्वतः तपासून पाहिले आहे."

"कसं तपासलंस?"

"यांच्या भावाची लिंक उघडली. पाटील आले. मग शेवटचा आकडा बदलून बघितला. तर पुन्हा पाटीलच आले. म्हटलं, म्हणजे आकडा बदलला तरी तोच रिपोर्ट उघडतो. सुरक्षित आहे."

डॉक्टरबाईंनी हाताची घडी सोडली.

"मुलुंडमध्ये," त्या म्हणाल्या, "पाटील एकच असतो असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मॅडमनी दोरीचा चष्मा काढला आणि हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. एकेक नोंद चाळून मुलुंडच्या त्या सगळ्या गर्दीतून त्यांनी जो एकमेव चोर पकडला, तो त्यांनीच रिक्षात घालून आणलेला होता.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "एक असो की शंभर," त्या म्हणाल्या, "त्यांचा रिपोर्ट परक्या माणसाने बघितला. त्यांना मी सांगणार." त्यांनी फोन लावला. दुसऱ्या पाटील मागच्याच गल्लीत राहत होत्या. येते म्हणाल्या.

आम्ही बाकावर वाट बघत बसलो. मॅडमना महिनाअखेर निवृत्त व्हायचं होतं. हा आमचा एकत्र शेवटचा दौरा.

"मी गेल्यावर कुठून कुठपर्यंत कोण विचारणार रे?" त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"मी विचारीन, मॅडम."

"तू विचारशील रे. उत्तर कोण देणार?"

त्यांनी पर्समधून कागदी रुमालात बांधलेला एक फुगा काढून माझ्या हातात ठेवला. मी तो खाल्ला. आता ऑफिसात त्यांच्या टेबलावर प्रिंटर ठेवलाय. म्हातारा मदर मेरीसकट त्या घरी घेऊन गेल्या. भोक सापडलं की आम्ही आता सगळ्यांना पत्र पाठवतो, अपडेट करा. कोण वाचत नाय.

त्या दिवशी, थोड्या वेळाने पाटीलबाई आल्या. साठी उलटलेल्या, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावणाऱ्या. त्यांच्या रिपोर्टमध्ये काय होतं ते मी सांगणार नाही. एवढं शिकलोय. डॉक्टरबाईंनी त्यांना आत बसवून सगळं सांगितलं. पाटीलबाईंचा चेहरा उतरला.

"सुनेने बघितला?"

"नाही."

"मुलाने? मी घरात अजून कोणाला काही बोलले नाय, डॉक्टर. पुढच्या महिन्यात नातीचं बारसं आहे. ते झाल्यावर बोलणार होते."

"घरच्या कुणीच नाही. बाहेरच्या कुणीही नाही. फक्त या गृहस्थांनी बघितला. चुकून."

मी उभा राहिलो. हात जोडले.

"चूक ह्याची आहे," मॅडम म्हणाल्या. "पण सांगायला स्वतःच्या पायाने आलाय."

हे खरं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मॅडमनी मला दिलेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र.

पाटीलबाईंनी मला चपलांपासून चष्म्यापर्यंत निरखून बघितलं. मधे कुठे थांबल्या नाहीत. मग त्यांनी सोडलेला श्वास अख्ख्या लॅबला ऐकू आला, आणि पिशवी उचलत त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "मग राहू दे हो. ह्यांच्याकडे बघून वाटत नाय, ह्यांना त्यातलं काही कळलं असेल."